विश्लेषण : सहा जणांची एक मॅरेथॉन कुठे हरवली? आणि मराठवाड्याने तिची चौकशी का करावी?

छत्रपती संभाजीनगर : मॅरेथॉन म्हटले की एकटा धावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ४२ किलोमीटर १९५ मीटर, सोबतीला फक्त घड्याळ. पण हेच अंतर देशाच्या संघाने टप्प्याटप्प्याने वाटून धावायचे, अशी एक जागतिक स्पर्धा होती. १९९२ ते १९९८ या काळात ती चार वेळा झाली आणि बंद पडली. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली मॅरेथॉनच्या अंतराची रिले चालण्याच्या शर्यतीच्या रूपाने परत आली, भारतही तीत उतरला. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या कार्यक्रमातून तीही वगळण्यात आली आहे.

एक शर्यत आली काय, गेली काय, असे वाटू शकते. पण लांब पल्ल्यात भारताला आज जो प्रश्न छळतो आहे, तो नेमका याच प्रकारात मोजला जातो. आपल्याकडे एक-दोन मोठे धावपटू आहेत. त्यांच्या मागे कोण?

स्पर्धेचे स्वरूप काय होते?

नाव होते जागतिक रोड रिले अजिंक्यपद. संघात सहा धावपटू, पुरुष आणि महिलांची शर्यत वेगळी. टप्पे असे : ५, १०, ५, १०, ५ आणि शेवटचा ७.१९५ किलोमीटरचा. बेरीज करून पाहा, बरोबर मॅरेथॉन होते.

हे आकडे असे विचित्र का, हे कळायला एक सोपा मार्ग आहे. समजा ही शर्यत आपल्या उस्मानपुऱ्यात घ्यायची ठरली. उस्मानपुरा चौकातून निघायचे, क्रांती चौकातून जालना रोडला लागायचे, आकाशवाणीच्या आसपास वळायचे आणि परत यायचे. नीट मोजून वळणाची जागा ठरवली की पाच किलोमीटरची फेरी तयार होते. पहिला धावपटू एक फेरी मारून उस्मानपुऱ्यात दुसऱ्याच्या हाती सूत्रे देतो. दुसरा दोन फेऱ्या मारतो. अदलाबदल ५, १५, २०, ३० आणि ३५ व्या किलोमीटरला, म्हणजे पाचही वेळा त्याच चौकात. पंच, डॉक्टर, पाणी, प्रेक्षक सगळे एकाच जागी. सरळ रेषेत धावायचे म्हटले तर इथून वेरूळ संपून जाते आणि पैठण यायचे राहते, मधेच कुठेतरी रेषा आखावी लागते. सहा जणांना नेऊन सोडणाऱ्या गाड्यांचा खर्च वेगळाच. फेरीचा मार्ग हा या स्पर्धेतला सर्वात स्वस्त शोध म्हणायला हवा. (रविवारी सकाळी का होईना, जालना रोड दोन-अडीच तास बंद ठेवायची परवानगी मिळवणे हा भाग मात्र स्वस्त नाही.)

पहिली स्पर्धा पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील फुंचाल येथे १९९२ मध्ये झाली. केनियाच्या पुरुषांनी २ तास ०० मिनिटे ०२ सेकंदांत ती जिंकली. महिलांमध्ये पोर्तुगालने घरच्या रस्त्यावर बाजी मारली. १९९४ मध्ये ग्रीसमधील लितोखोरो येथे मोरोक्कोने केनियाचे वर्चस्व मोडले आणि १:५७:५६ अशी वेळ दिली. महिलांत रशिया पहिला आला. १९९६ ला कोपनहेगन आणि १९९८ ला ब्राझीलमधील मनौस. या दोन्ही वेळा पुरुषांत केनिया, महिलांत इथिओपिया. मनौस हे ॲमेझॉनच्या जंगलातले, दमट उष्णतेचे शहर. तिथे केनियाची विजयी वेळ २:०१:१३ होती. त्यानंतर पाचवी स्पर्धा झालीच नाही.

सहा जण एकट्यापेक्षा किती वेगवान?

इथे आकडे गंमत करतात. या सहा टप्प्यांच्या मॅरेथॉन रिलेतली पुरुषांची सर्वोत्तम वेळ केनियाची आहे : १:५७:०६, जपानमधील चिबा येथे २००५ मध्ये. आणि केनियाच्याच केल्विन किप्टमने ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोत एकट्याने पूर्ण मॅरेथॉन धावून दिलेली वेळ आहे २:००:३५. सहा ताज्या पायांना एकट्यापेक्षा फक्त साडेतीन मिनिटे वाचवता आली. मनौसमध्ये जिंकलेल्या सहा केनियनांपेक्षा तर एकटा किप्टम वेगवान ठरतो.

महिलांत अंतर आणखी कमी. चीनच्या सहा धावपटूंनी बीजिंगमध्ये २८ फेब्रुवारी १९९८ रोजी २:११:४१ वेळ दिली. इथिओपियाची तिगिस्त असेफा २०२३ मध्ये बर्लिनला एकटी २:११:५३ मध्ये धावली. फरक बारा सेकंदांचा.

तुलना करताना दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. रिलेचे हे विक्रम कार्बन प्लेटच्या बुटांच्या आधीचे आहेत. २०१७ नंतर रस्त्यावरच्या सगळ्याच वेळा खाली आल्या. आणि शिकागो, बर्लिन हे थंड हवेचे, सपाट रस्ते आहेत, मनौस नाही. तरी मुद्दा राहतोच. मॅरेथॉन रिलेत वेगाचा चमत्कार घडत नाही. ती तपासते ते वेगळेच : तुमचा सहावा माणूस कसा आहे? पहिल्या क्रमांकाचा धावपटू प्रत्येक देशाकडे असतो. सहावा सगळ्यांकडे नसतो.

ही कल्पना आली कुठून?

जपानमधून. तिथे या प्रकाराला ‘एकिडेन’ म्हणतात. जुन्या काळी रस्त्यावरच्या चौक्यांवर घोडे आणि निरोपे बदलून सरकारी संदेश पुढे नेत, त्यावरून आलेला हा शब्द. आपल्याकडची डाकचौकी आठवा, तोच प्रकार. पहिली एकिडेन १९१७ साली क्योटो ते टोकियो अशी झाली. १९२० पासून सुरू झालेली विद्यापीठांची हाकोने एकिडेन आजही २ आणि ३ जानेवारीला होते. दहा धावपटू, जाऊन-येऊन सुमारे २१७ किलोमीटर, आणि अख्खा देश टीव्हीसमोर. तिच्यामागे शिझो कानाकुरी हे नाव आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये उन्हाने कोसळलेला हा धावपटू. एकटा माणूस पाठवून भागत नाही, खूप माणसे तयार करावी लागतात, हा धडा घेऊन तो परतला.

एकिडेनमध्ये बॅटन नसतो. ‘तासुकी’ नावाची कापडी पट्टी खांद्यावरून तिरकी घातलेली असते, ती घामाने भिजलेली तशीच पुढच्याच्या हाती द्यायची. हाकोनेत संघ ठरावीक मिनिटांपेक्षा मागे पडला तर पुढच्या धावपटूला वेगळी पट्टी घालून सोडून देतात. मागून धापा टाकत येणाऱ्याच्या हातात तासुकी असते आणि समोर घ्यायला कोणी नसते. जपानी प्रेक्षक विजेत्याइकताच या क्षणाकडे डोळे लावून बसतात.

हे सगळे आपल्याला फार परके वाटू नये. नवरात्राच्या आधी तुळजापूरहून देवीची ज्योत आणणारी मंडळे मराठवाड्यातल्या कोणत्याही रस्त्यावर दिसतात. एकाच्या हातात पेटती ज्योत, तो धावतो. मागे टेम्पोत बाकीचे. तो दमला की दुसरा उडी मारून खाली उतरतो आणि ज्योत घेतो. ज्योत थांबत नाही, माणसे बदलतात. शिवजयंतीला गडावरून येणाऱ्या शिवज्योतीचेही तेच. कोणी वेळ मोजत नाही, एवढाच काय तो फरक.

मग जागतिक स्पर्धा बंद का पडली?

कारणे कुण्या एका ठरावात सापडणार नाहीत, वेळापत्रकात मात्र दिसतात. रोड रिले सुरू झाली त्याच वर्षी, १९९२ मध्ये, जागतिक अर्धमॅरेथॉन स्पर्धाही सुरू झाली. रस्त्यावरचे तेच धावपटू, तोच हंगाम. अर्धमॅरेथॉनमध्ये वैयक्तिक पदकही मिळते आणि तिघांच्या वेळेची बेरीज करून सांघिक पदकही. संघटकांच्या दृष्टीने एका खर्चात दोन कामे. दुसरीकडे मोठ्या शहरांच्या मॅरेथॉन श्रीमंत होत गेल्या. चांगला मॅरेथॉनपटू वर्षात दोन, फार तर तीन शर्यती मनापासून धावू शकतो. त्यातली एक देशाच्या रिलेसाठी द्यायची तर त्याचे नुकसान कोण भरून देणार?

जपाननेही स्वतःच्या आंतरराष्ट्रीय शर्यती आवरत्या घेतल्या. योकोहामाची महिलांची आंतरराष्ट्रीय एकिडेन २००९ ला थांबली. राष्ट्रीय संघांची चिबा एकिडेन २००७ पासून स्त्री-पुरुष मिश्र झाली आणि २०१४ नंतर तीही संपली. देशांतर्गत एकिडेन मात्र जोरात आहेत. म्हणजे प्रकार मेला नाही, त्याचे आंतरराष्ट्रीय रूप मेले.

जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२३ मध्ये रीगा येथे ‘रोड रनिंग’ची नवी जागतिक स्पर्धा सुरू केली. तिच्यात एक मैल, ५ किलोमीटर आणि अर्धमॅरेथॉन आहे. रिले नाही. २०२६ च्या सप्टेंबरचे यजमानपद कोपनहेगनकडे आहे, त्याच शहराकडे जिथे तीस वर्षांपूर्वी सहा-सहा जणांचे संघ धावले होते. क्रॉसकंट्रीत २०१७ पासून मिश्र रिले आहे, पण तिथे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन किलोमीटर येतात. ती वेगळ्या जातीची शर्यत आहे.

पॅरिसमध्ये भारताचे काय झाले?

पुरुषांची ५० किलोमीटर चालण्याची शर्यत टोकियोनंतर ऑलिम्पिकमधून गेली. तिच्या जागी स्त्री-पुरुष समान सहभागाची मिश्र रिले आली. अंतर मॅरेथॉनचे. एक पुरुष, एक महिला, दोघांनी आलटून पालटून प्रत्येकी दोन टप्पे चालायचे : ११.४५, १०, १० आणि १०.७४५ किलोमीटर.

एप्रिल २०२४ मध्ये तुर्कीतील अंतल्या येथे अक्षदीप सिंग आणि प्रियांका गोस्वामी यांनी अठरावा क्रमांक मिळवून भारताची जागा पक्की केली. पॅरिसला प्रियांकासोबत सूरज पंवार उतरला. ७ ऑगस्टला २५ संघ निघाले. स्पेनच्या आल्वारो मार्टिन व मारिया पेरेझ यांनी २:५०:३१ मध्ये सुवर्ण घेतले, इक्वेडोर दुसरा, ऑस्ट्रेलिया तिसरा. भारताची शर्यत पूर्ण झाली नाही.

आपल्याकडे त्या दिवशी या निकालाकडे फार कोणाचे लक्ष नव्हते, त्याच दिवशी विनेश फोगाटच्या वजनाची बातमी आली होती. पण अशा संघात पर्यायांची रांग किती लांब आहे, यावर सगळे अवलंबून असते. पुढच्या ऑलिम्पिकसाठी ही रांग वाढवण्याचे कारणच उरलेले नाही. लॉस एंजेलिसमध्ये चालण्याची फक्त वैयक्तिक अर्धमॅरेथॉन आहे. मिश्र रिलेची जागा ४ बाय १०० मीटर मिश्र रिलेने घेतली. टीव्हीसाठी ती चाळीस सेकंदांची शर्यत अधिक सोयीची, हे मान्य. त्या बदल्यात ऑलिम्पिकमधून मॅरेथॉनच्या अंतराची एकमेव सांघिक शर्यत गेली.

आज भारताचा संघ उभा केला तर?

कागदावर करून पाहू. अविनाश साबळेने २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १:००:३० मध्ये पूर्ण केली होती. असे दोन साबळे एकामागून एक धावले तर मॅरेथॉन २:०१:०० मध्ये संपते. मनौसमधल्या विजयी केनियापेक्षा तेरा सेकंद आधी. दोन साबळे नाहीत, ही अडचण आहे.

तेव्हा सहा जणांचा हिशेब करू. गुलवीर सिंगने मार्च २०२५ मध्ये ट्रॅकवर १०,००० मीटर २७:००.२२ मध्ये पूर्ण केले. रस्ता, वळणे, ऊन धरून गुलवीर आणि साबळे या दोघांना दहा-दहा किलोमीटरसाठी २८ मिनिटे देऊ. ५६ मिनिटांत २० किलोमीटर झाले. उरले २२.१९५ किलोमीटर आणि चार माणसे. १९९८ ची विजयी वेळ गाठायची तर या चौघांकडे ६५ मिनिटे १३ सेकंद आहेत. म्हणजे ५ किलोमीटरला साधारण १४ मिनिटे ४१ सेकंद. देशातल्या चांगल्या धावपटूंसाठी हा वेग आवाक्यातला आहे. पण केनियाची १:५७:०६ गाठायची म्हटले तर त्याच चौघांना ५ किलोमीटर १३ मिनिटे ४६ सेकंदांत धावावे लागते. तिथे रांग एकदम आखूड होते.

१४:४१ आणि १३:४६. या ५५ सेकंदांत भारतीय लांब पल्ल्याची सगळी कहाणी आहे, असे मला वाटते. वर टोक आहे. २०२५ च्या गुमी येथील आशियाई स्पर्धेत ५,००० आणि १०,००० मीटरचे सुवर्ण गुलवीरने आणि स्टीपलचेसचे साबळेने जिंकले. पण टोकाखालचा उतार फार तीव्र आहे. पूर्ण मॅरेथॉनमध्ये तर टोकही नव्हते : शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये जालंधरला दिलेली २:१२:०० ही वेळ चार दशके कोणाला मागे टाकता आली नाही. जपानमध्ये २०२१ च्या बिवा सरोवर मॅरेथॉनमध्ये, एकाच सकाळी, चाळीसहून अधिक जण २ तास १० मिनिटांच्या आत आले. त्यातले बहुतेक जपानी. ही गर्दी एकिडेनच्या कंपनी-संघांतून येते. पगार मिळतो, संघात जागा टिकवायची असते, आणि सातव्या क्रमांकाच्या धावपटूलाही सकाळी उठायला कारण असते.

अर्थात जपानकडे डोळे झाकून पाहू नये. एकिडेन विशी-बाविशीतल्या मुलांना पिळून काढते आणि पूर्ण मॅरेथॉनपर्यंत पोहोचण्याआधीच थकवते, ही टीका तिथलेच प्रशिक्षक करतात. एवढी गर्दी असूनही जपानी पुरुषांना ऑलिम्पिक मॅरेथॉनचे शेवटचे पदक १९९२ मध्ये मिळाले. रिलेने पदक येतेच असे नाही. रिलेने माणसे टिकतात.

मराठवाड्याशी याचा संबंध काय?

साबळे बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. तो गावात असताना धावपटू म्हणून कोणाच्या नजरेत भरला नाही. लष्करात भरती झाल्यावर, २०१५ च्या सुमारास, लष्कराच्या अंतर्गत क्रॉसकंट्रीत तो उतरला आणि तिथून वाट सापडली. गावात कोणी पाहिले नाही ते घड्याळ आणि संघ असलेल्या जागी दिसले. परभणीच्या ज्योती गवते यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१७ साली भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला. नाशिक जिल्ह्याने कविता राऊत, संजीवनी जाधव, मोनिका आथरे अशी रांग उभी केली, कारण तिथे एकत्र सराव करणारा गट तयार झाला. माणच्या दुष्काळी पट्ट्यातल्या ललिता बाबरने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळवला. महाराष्ट्रात धावणारी माणसे कमी नाहीत.

पहाटे पाचला कोणत्याही जिल्ह्याच्या मैदानावर जा. भरतीची तयारी करणारी मुले-मुली असतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर. हजारो जण महिनोन्‌महिने हेच अंतर मोजतात. निकाल लागतो. काहींना नोकरी लागते, बहुतेकांना लागत नाही, आणि दोन्ही गटांचे धावणे बहुधा त्याच आठवड्यात थांबते. पुढे ज्यांना धावायचे आहे त्यांच्यासमोर शहरोशहरीच्या बक्षिसांच्या शर्यती असतात. तिथे पहिले तीन सोडले तर घरी परतायचे भाडेही सुटत नाही. ५ किलोमीटर साडेपंधरा मिनिटांत धावणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलाला आज कोणत्याच संघात जागा नाही. सहा जणांच्या जिल्हा संघात ती असू शकते.

आणि त्यासाठी जागतिक संघटनेची वाट पाहण्याची गरज नाही. स्टेडियम लागत नाही, ट्रॅक लागत नाही. मोजलेली पाच किलोमीटरची फेरी, एक चौक, घड्याळे आणि रुग्णवाहिका. मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांचे पुरुष व महिला असे सोळा संघ म्हणजे ९६ धावपटू, एका सकाळचे काम. पुरुष सव्वादोन-अडीच तासांत, महिला त्यानंतर थोड्या वेळात संपवतील. वर्षातून अर्धमॅरेथॉनसाठी रस्ते बंद करणाऱ्या शहराला हे अवघड नाही. अडचण निधीपेक्षा जबाबदारीची आहे : जिल्हा ॲथलेटिक्स संघटना, क्रीडा कार्यालय, विद्यापीठ आणि पोलीस या चौघांपैकी पहिला फोन कोणी करायचा?

माझे मत विचाराल तर पोलिसांनी. संघ निवडायला त्यांना वेगळी चाचणीही लागणार नाही. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १४ याच शहरात, सातारा परिसरात आहे. गट क्रमांक ३ जालन्यात. भरतीच्या मैदानावर ५ किलोमीटरची प्रत्येकाची वेळ अधिकृतपणे नोंदवली जाते, अलीकडे अनेक ठिकाणी चिप लावून. या यादीचा उपयोग सध्या गुण देण्यापुरता होतो. त्याच यादीतली वरची सहा नावे हा पहिला संघ, आणि नोकरी न मिळालेल्यांतली वरची सहा नावे हा दुसरा.